निघालेल्याला हाक मारू नये

बुधवार, २४ सप्टेंबर. धारवाड

पोचलो एकदाचे. पाठ मोडलीय, पण पोचलो. सकाळी सिरसाळ्यातून निघायला उशीर झाला तो बायकोमुळं, जगदेवीमुळं, हे आधी लिहून ठेवतो. शेंगदाण्याची चटणी झाली, डिंकाचे लाडू झाले, बाळाचं झबलं-टोपडं झालं, तरी हिचं आपलं "आले, आले" चालूच. शेवटी मीच भिंतीतल्या देवळीतून बाळाच्या इष्टलिंगाची डबी उचलली, खिशात घातली आणि गाडीचा हॉर्न दाबून धरला. तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या.

आमच्या अपेक्षाला मुलगा झाला. परवा त्याचं बारसं आणि लिंगधारण, म्हणजे गळ्यात इष्टलिंग बांधायचं. जावई धारवाडला नोकरीला, त्यामुळं सगळं तिथंच. मायला यायचं होतं, पण या वयात एवढा प्रवास झेपायचा नाही. पणतवासाठी लिंग मात्र तिनंच आणवलं आणि चांदीची डबीही स्वतःच्या डबीसारखीच घडवून घेतली. निघताना तिच्या पाया पडलो, तर ती आपल्या लिंगासाठी नवा शिवदारा पिळत बसली होती. जुना दोरा पार झिजला होता. "दमानं जा पोरा," एवढंच म्हणाली.

राजेश्वर म्हणत होता, "आप्पा, ड्रायव्हर घेऊन जा." कावून? गाडी मी घेतलीय, मीच चालवणार. कापडाच्या दुकानात जन्म गेला, आता कुठं चाकावर बसलोय, तर पोरगा ड्रायव्हर देतोय!

पण गाडीत खरा ताप जगदेवीचा. सिरसाळा सुटलं तसं हिचं तोंड जे सुरू झालं ते धारवाडपर्यंत मिटलं नाही. "अहो, म्हैस. अहो, समोरून ट्रक. अहो, डाव्या अंगाला बाई चाललीय, डोक्यावर भारा हाय." मी म्हणालो, "मला काय दिसत न्हाई का?" गप बसली. गाव ओलांडायच्या आत पुन्हा, "अहो, सायकल."

यंदाची डायरी भिकार निघाली. ओळी इतक्या फिकट छापल्यात की अक्षरं आपोआप डोंगर चढायला लागतात. दुकानदाराला परत नेऊन दाखवतो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. सोलापूर, लॉजवर

जे झालं ते सरळ लिहितो.

बारशाला घर भरलं होतं. बाळाला न्हाऊ-माखू घालून विभूती लावली. तिथल्या मठाच्या स्वामींनी मागितल्यावर मी डबी पुढं केली. त्यांनी ती उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि थांबलेच. मोडक्या मराठीत म्हणाले, "हे नवं नाही. हे कुणाच्या तरी रोजच्या पूजेतलं आहे."

जगदेवी पुढं झाली, वाकून बघितलं आणि मटकन खाली बसली. "हे आत्याबाईंचं हाय."

मायचं लिंग! तिच्या वडिलांनी तिला बांधलेलं, लग्नाच्या आधीपासून गळ्यात असलेलं. दोरा बदलायचा म्हणून तिनं घडीभर देवळीतल्या ताटलीत काढून ठेवलं होतं, आणि मी तेच उचलून आणलं. आता दोन डब्या एकाच ताटलीत ठेवायच्याच कशाला, हा माझा प्रश्न आहे. घाईत कुणाचाही हात चुकतो. देवळीत उजेड तरी कुठं असतो!

स्वामी देवमाणूस. त्यांनी झोळीतून दुसरं लिंग काढून बाळाला धारण केलं, कार्य अडू दिलं नाही. मी मागच्या दाराला जाऊन राजेश्वरला फोन लावला. तोच रडकुंडीला आलेला. "आप्पा, आजी बुधवारपासून जेवली न्हाई. पोट जड हाय म्हणायची. आज ऋतुजा पाठीला तेल लावायला गेली, तर गळ्यात लिंगच न्हाई."

ऋतुजा म्हणजे आमची सून. तिनं मायच्या कानाला फोन लावला.

"माय, तवाच फोन करायचा ना! आमी परळीपर्यंत बी गेलतो न्हाई!"

"निघालेल्याला हाक मारू न्हाई," माय म्हणाली. "बारसं नीट झालं का?"

आता काय बोलावं या बाईला? लिंगपूजेशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा तिचा नेम मी जन्मापासून बघतोय. एकदा तापात फणफणली होती, तरी आधी लिंग तळहातावर घेतलं आणि मगच पेजेला तोंड लावलं. आज सिरसाळ्याचे स्वामी घरी येऊन म्हणाले, मी नवं लिंग बांधतो, तुम्ही दोन घास खा. तर म्हणाली, "हरवलं असतं तर येगळं. ते हरवलं न्हाई, माझ्या पोराकडं हाय. हाय त्याला न्हाई कसं म्हणू?" स्वामींनी लई समजावलं तेव्हा कुठं रक्तदाबाच्या गोळीपुरतं पाणी घ्यायला कबूल झाली. चौऱ्याऐंशीचं वय. अंगात असं आहेच काय तिच्या!

जेवणाची ताटं तशीच ठेवून आम्ही निघालो. विजापूरच्या पुढं पाऊस लागला तो असा की काच पांढरी. सोलापुरात शिरताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे फाकायला लागले. हे नवे दिवे सरकारनं बंदच करायला पाहिजेत. मी तसाच पुढं जाणार होतो, पण जगदेवी हट्टाला पेटली, अंधारात जायचं नाही. "न्हाईतर इथं ड्रायव्हर घेऊ."

"मायचं लिंग गाडीत असताना अनोळखी माणूस? खुळी का तू?"

मायची डबी तिनं पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचलीय. माझ्याकडं देत नाही. मागितली तर म्हणते, राहू द्या.

मला झोप येणार नाही. मायची लई आठवण येतेय.

शनिवार, २७ सप्टेंबर. तुळजापूरच्या पुढं, गॅरेजात

आजचा दिवस जळाला.

सकाळी पहिलं काम वायपर नवे बसवले. काच साबणानं धुतली, कागदानं पुसली. तरी धुरकट ती धुरकटच. काचच हलकी आहे, विकणाऱ्यानं फसवलं मला. पाऊस चालूच. तुळजापूरच्या घाटात जगदेवीचा रेडिओ इतका चढला की माझं डोकं फिरलं. "अहो, वळण. अहो, हळू. अहो, दगड पडलेत." तिचा घसाही बसलाय, आवाज फाटक्या कापडासारखा येतो, तरी थांबत नाही.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. म्हणालो, "घरी माय मरणाच्या दारात हाय आन् तू माझ्या कानात भुणभुण लावलीस! एक शब्द बोललीस तर इथंच उतरवीन!"

ती गप बसली. दोन्ही हातांनी पदराची गाठ धरून नुसती समोर बघत होती. मी म्हणालो, चला, सुटलो. आणि मैलभरही गेलो नसेन तोच धाडकन आवाज. रस्त्याच्या कामाची गिट्टी वाटेतच ओतून ठेवलेली, आणि आमची गाडी सरळ तिच्यावर. टायर फाटलं, रिम वाकली, खालून तेल गळायला लागलं. कामाचा मुकादम आला तो माझ्यावरच डाफरला, "काका, एवढा ढीग! लाल झेंडा लावलाय की!" झेंडा म्हणे. पावसात भिजून काठीला चिकटला असंल, कुणाला दिसणार?

जगदेवीचं कपाळ समोर आपटलं. टेंगूळ आलंय. मी विचारलं, लागलं का? तर मानेनं न्हाई म्हणाली. मलाच कसंतरी झालं. इतका वेळ कान किटवले, आणि नेमकी त्या घडीला ही गप! बोलली असती तर काय बिघडलं असतं?

मी तसं बोलून दाखवलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली का रडली ते मला कळलं नाही. म्हणाली, "बरं. बोलत जाईन."

मेकॅनिक म्हणतो पार्ट धाराशिवहून येईल, उद्या सकाळी गाडी देतो. दुसरी गाडी बघितली, कुणी तयार नाही. मांजरा नदी भरून चाललीय, तिकडं जायला सगळे घाबरतात. राजेश्वर मोटारसायकलीवर आमच्याकडं निघाला होता. त्यालाही परळीच्या अलीकडंच पाण्यानं माघारी लावलं.

फोनवर मायला विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "हलकं वाटतंय." दुकान नको, गाडी नको, काही नको. तेवढी ती राहू दे.

रविवार, २८ सप्टेंबर. युसूफ वडगाव

कळंब ओलांडलं तर मांजरेच्या पुलावरून पाणी. पोलिसांनी दोर लावलेला. दोन्हीकडं ट्रक, जीपा, ऊसतोडीला निघालेल्यांचं एक बिऱ्हाड, सगळे ताटकळत. पाण्यातून सोयाबीनच्या गंजी वाहत येत होत्या. एक कडब्याचा ढीग आला, त्यावर कोंबडी बसलेली. ऊसतोडीतली एक म्हातारी म्हणाली, "तिला तरी वाट गावली."

मी पोलिसाला हात जोडले. आई उपाशी आहे, तिचं लिंग माझ्याकडं आहे, जाऊ द्या. पोरगेलासा होता. म्हणाला, "काका, तुमी वाहून गेलात तर आजी जेवणार हायत का?" मी परत गाडीत जाऊन बसलो.

दुपार कलल्यावर पाणी उतरलं आणि दोर सोडला. जगदेवी पुलावर सगळा वेळ बोलत होती. "जरा उजवीकडं. आता सरळ. सरळच राहू द्या. पुढचा ट्रक थांबला, थांबा." मीही आज काही बोललो नाही. बोलू दे बाई, तिचा जीव रमतो.

युसूफ वडगावात पुन्हा ढगफुटी. पुढं जाणं शक्यच नव्हतं. इथं उत्तरेश्वर म्हणून आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आहे, त्याच्या ओसरीत बसून लिहितोय. त्याच्या बायकोनं गरम पिठलं-भाकरी वाढली. घास तोंडात फिरत होता. माय उपाशी आणि मी पिठलं खातोय! ताटावरून उठलो. जगदेवी मात्र खाली मान घालून जेवली. मी कडवट बोललो, "तुला बरा घास जातो."

"मला उद्या जागं राहायचं हाय," ती म्हणाली.

उत्तरेश्वर सहज म्हणाला, "शेटजी, मागल्या साली पोरांच्या शाळेच्या पँटीला निळं कापड मागितलं तर तुमी काळं दिलतं. मास्तरनं पोरं उभी केली!" आणि हसला. मी म्हणालो, दुकानातली ट्यूब गेली होती. जगदेवी म्हणाली, "अंबाजोगाईला डोळ्यांचं शिबिर होतं तवाच मी—" मी तिला थांबवलं. माझ्या बापानं म्हातारपणी सुईत दोरा ओवलाय. आमच्या घराण्यात डोळ्यांना काही होत नसतं.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन. माय आता फार बोलत नाही. डॉक्टरांना घरी आणलं होतं, त्यांनी सलाईन लावू म्हटलं तर हात आखडून घेतला. स्वामी उशाशी बसून आहेत. ऋतुजा रडत म्हणाली, "आप्पा, उद्या या हो. कसंबी करून या."

सोमवार, २९ सप्टेंबर. घरी

फटफटताच निघालो. अंबाजोगाई, परळी, सगळीकडं रस्त्यावर चिखल आणि फांद्या. परळी सोडली आणि मला धीर आला. आता हा आपला मुलूख. डोळे मिटून गाडी चालवीन, असं मी म्हणालो. जगदेवी म्हणाली, "नका मिटू."

गाव दिसायच्या अंतरावर ओढा आडवा. पुलावरून पाणी चाललेलं, पण पातळ, टाचभर. दोन्ही अंगांचे पांढरे कठडे मला स्पष्ट दिसत होते. पलीकडं आमच्या गावची माणसं उभी होती, हात हलवून बोलवत होती. मी म्हणालो, हे बघ, बोलवायलेत. पहिला गियर टाकला.

जगदेवी ओरडली नाही. हात घालून तिनं गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"आण ती किल्ली!"

"कठडे कुठं हायत?" तिनं विचारलं. आवाज पार बसलेला.

"हे काय समोर, पांढरे."

"अहो, तो फेस हाय. कठडे कवाच गेले. मदला पूल गेलाय. आन् ती माणसं या म्हणत न्हाईत, थांबा म्हणायलीत."

मी खाली उतरलो. पाण्याच्या जवळ गेलो तेव्हा पायाखालची माती थरथरत होती. आणि मग दिसलं. जिथं मी गाडी घालणार होतो तिथं रस्ता नव्हताच. एक बाभळ आली आणि त्या जागी उभीच्या उभी आत गेली. मी तिथंच बसलो. जगदेवी जवळ येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला. अख्ख्या प्रवासात मी तिचा एवढा राग कधी केला नव्हता आणि तिच्यावर माझा एवढा जीवही कधी आला नव्हता.

पाणी कमी व्हायला दुपार झाली. मग पलीकडून हनुमान ट्रॅक्टर घेऊन आला. आमच्याच गल्लीतला. वरच्या अंगाच्या जुन्या उतारानं, जिथं खालून खडक आहे, तिथून त्यानं आम्हाला काढलं. चाकाएवढ्या पाण्यात ट्रॅक्टर एकदा असा कलला की मी "माय गं" म्हणून ओरडलो. जगदेवीनं एका हातानं माझं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पदराची गाठ. गाडी तिथंच राहिली. राहू दे.

माय देवळीखाली अंथरुणावर होती. केवढीशी झाली होती! ओठ सुकलेले, डोळे मात्र टक्क उघडे. स्वामी, राजेश्वर, ऋतुजा सगळे बाजूला सरकले. मी पाय धरले आणि रडलो. "माय, आणलं. आता घे."

जगदेवीनं पदराची गाठ सोडून डबी पुढं केली. मायनं घेतली नाही. बोटानं देवळी दाखवली. "ठेव तिथं. त्या दिशी जशी ठेवलती तशी."

ताटलीत बाळाची नवी डबी बुधवारपासून तशीच होती. जगदेवीनं मायची डबी तिच्याशेजारी ठेवली.

"कल्याण," मायनं मला नावानं हाक मारली. आवाज दोऱ्याएवढा. "माजं लिंग उचलून दे."

राजेश्वर म्हणाला, "आजी, आता हे काय! आधी पूजा कर, घास घे."

"तू थांब. कल्याण, दे."

मी उठून देवळीपाशी गेलो. दुपारची वेळ, दार सताड उघडं, बाहेर ऊनही पडलेलं. ताटलीत दोन डब्या होत्या. दोन्ही पांढुरक्या, दोन्हींच्या कडा विरघळल्यासारख्या. मी डोळे चोळले. माझ्यामागं जगदेवीनं श्वास घेतला, "अहो, डा—"

"तू गप, पोरी," माय म्हणाली.

मी हात पुढं केला, थांबलो, आणि उजवीकडची उचलून मायच्या तळहातावर ठेवली.

तिनं मूठ मिटली नाही. तशीच ती डबी बघत राहिली. मग म्हणाली, "ही लेकराची हाय. काल घडवल्यासारखी चकाकतीय. माजी काळी पडलीय, कडेला पोचा हाय. पडल्या पडल्या मी त्योच इचार करत हुते. डोळस माणूस या दोन डब्यांत चुकंल कसा? आन् हा चुकलेला गाडी घेऊन कुठवर गेला आसंल?"

देवळीतला उजेड, ट्यूब, काच, वायपर, दिवे, काहीच तोंडात येईना.

"मला भुकेचं काय न्हवतं रे," माय म्हणाली. "मला तुमी याल का न्हाई त्याचं भ्या हुतं."

मग जगदेवीनं तिची डबी तिच्या हातात दिली. मायनं लिंग तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, विभूती लावली. हात कापत होता म्हणून स्वामींनी खालून आधार दिला. पूजा झाली. तीर्थ घेतलं. ऋतुजानं दुधात कुस्करलेल्या भाताचा चमचा पुढं केला, तो तिनं गिळला. दुसराही गिळला. ऋतुजा चमचा धरूनच हमसून रडायला लागली, तर माय तिला म्हणाली, "रडतीस कावून? वाढ की."

रस्ता मोकळा झाला की राजेश्वर मला अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार आहे. मी हो म्हणालो. गाडीची किल्ली जगदेवीच्या कमरेला आहे, ती मी मागितली नाही.

आत्ता ओसरीत बसून हे लिहितोय आणि जगदेवी शेजारी भिंतीला टेकून बसलीय, कपाळाला हळद लावून. मी विचारलं, "तुला कवापासून ठाऊक होतं?"

"लई दिवस झाले."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

तिनं घसा खाकरला. आवाज निघेना, तरी बोलली. "इथून धारवाडपर्यंत आन् धारवाडपासून इथपर्यंत दुसरं काय सांगत होते मी? म्हैस, ट्रक, बाई, सायकल, दगड. आता तरी मला घडीभर गप बसू द्या."

मी म्हणालो, बस.